कॉफीला चाललेलं कार्ड तिकिटाला का अडलं?

मुलुंडची माझी ताई आणि भावोजी 2024 च्या मे महिन्याच्या शेवटी युरोपला गेले. टूर कंपनीबरोबर नाही, स्वतःचे स्वतः, रेल्वेने. पॅरिस, तिथून स्वित्झर्लंडमध्ये इंटरलाकेन, शेवटी नेदरलँड्स, सगळे मिळून 16 दिवस. भावोजी 67 वर्षांचे, ताई 63 ची. "मुलुंड ते व्हीटी 33 वर्षं लोकलने गेलोय, स्विस गाडीला काय घाबरायचं," असं भावोजी म्हणायचे आणि ते खरं ठरलं. गाड्यांनी त्यांना कुठेही त्रास दिला नाही. अडलं ते तिकिटाचे पैसे देताना, तेही चार वेळा आणि चारही वेळा वेगळ्या कारणाने.

मी एका बँकेच्या कार्ड विभागात 22 वर्षं काढली. "कार्ड चाललं नाही" हे वाक्य किती वेळा ऐकलं असेल याची गणती नाही. ते ताप आल्यासारखं आहे: ताप आहे एवढं कळतं, कशाचा आहे ते कळत नाही. दोघं परत आल्यावर एका रविवारी त्यांच्या घरी बँकेचे सगळे मेसेज, स्टेटमेंट आणि ताईची प्रवासाची वही समोर घेऊन आम्ही एकेक प्रसंग लावून पाहिला. तोच इथे दोघांच्या संमतीने लिहितो आहे.

सोबत काय होतं ते आधी सांगतो. भावोजींचं व्हिसाचं क्रेडिट कार्ड, त्याच खात्यावर ताईचं ॲड-ऑन कार्ड, युरो भरलेलं एक फॉरेक्स कार्ड, 300 युरो रोख, आणि पेन्शनच्या खात्याचं रुपे डेबिट कार्ड. हे शेवटचं फक्त देशातल्या वापराचं होतं, म्हणजे तिकडे त्याचा उपयोग नव्हता. भावोजींच्या डोक्यात आणखी एक गोष्ट होती. फेब्रुवारी 2024 मध्ये आयफेल टॉवरच्या तिकिटासाठी यूपीआय सुरू झाल्याची बातमी त्यांनी पाहिली होती आणि त्यावरून फ्रान्समध्ये सगळीकडे स्कॅन करून पैसे देता येतील अशी त्यांची समजूत झाली होती. टॉवरचं तिकीट हा त्या सोयीचा पहिला टप्पा होता. रेल्वे स्टेशनवरच्या मशीनला आपला यूपीआय ओळखीचा नव्हता. हा गैरसमज निघण्याआधीच दूर झाला म्हणून त्याला मी चारांत धरत नाही.

मुलुंडमध्येच पहिला नकार

पॅरिसहून बाझेलला जाणाऱ्या वेगवान गाडीचं तिकीट एप्रिलमध्येच काढायचं ठरलं. या गाड्यांचे दर विमानासारखे असतात. तारीख जवळ आली की चढतात, म्हणून हे ठरवणं शहाणपणाचं होतं. भावोजींनी कार्डाचा नंबर टाकला आणि साइटने पैसे नाकारले. दुसऱ्यांदा टाकला, पुन्हा तेच. त्यांनी निष्कर्ष काढला: "परदेशी साइट आपली कार्डं घेत नाहीत रे." मला फोन आला तो दुसऱ्या कोणाकडून तिकीट काढून घेता येईल का हे विचारायला.

साइटपर्यंत गोष्ट पोचलीच नव्हती. नकार आपल्याच बँकेने दिला होता. रिझर्व्ह बँकेच्या 15 जानेवारी 2020 च्या परिपत्रकाप्रमाणे नवीन किंवा बदलून दिलेलं कार्ड हातात येतं तेव्हा ते फक्त भारतात आणि फक्त एटीएमवर किंवा दुकानातल्या मशीनवर, कार्ड आत घालून वापरण्यापुरतंच चालू असतं. ऑनलाइन, परदेश, टॅप (म्हणजे कार्ड मशीनला नुसतं टेकवणं) हे सगळं बंद असतं आणि कार्डधारकाने ते स्वतः चालू करायचं असतं. कोविडमुळे मुदत वाढली आणि हा नियम ऑक्टोबर 2020 पासून सगळीकडे लागू झाला. नियम चांगला आहे. चोरलेल्या कार्ड नंबरावर परदेशी साइटवरून खरेदी झाल्याच्या किती तक्रारी मी स्वतः हाताळल्या आहेत, त्यामुळे हे मनापासून म्हणतो.

"पण हेच कार्ड 2019 मध्ये सिंगापूरला चाललं होतं," भावोजी म्हणाले. ते हेच कार्ड नव्हतं. जुन्याची मुदत संपल्यावर मार्च 2024 मध्ये कुरियरने नवं आलं होतं. बँक तीच, रंग तोच आणि पाकिटही तेच, पण आतले सगळे स्विच मूळ जागी गेलेले. ज्यांचं कार्ड दौऱ्याच्या आधीच्या वर्षभरात बदलून आलं आहे त्यांनी एवढी एक गोष्ट नक्की तपासावी.

ॲपमध्ये परदेशी वापराच्या खाली चार स्विच होते: ऑनलाइन, दुकानातलं मशीन, एटीएम आणि टॅप. प्रत्येकाला वेगळी मर्यादाही होती. भावोजींनी त्या दिवशी ऑनलाइनचा चालू केला, मर्यादा वाढवली आणि तिसऱ्या प्रयत्नात काम झालं. निघण्याच्या आठवड्यात मी आठवण केल्यावर उरलेलेही चालू केले. ताईच्या ॲड-ऑन कार्डाचे स्विच वेगळे असतात हे मात्र माझ्या सांगण्यातून राहिलं. ते पुढे भोवलं.

ओटीपीच आला नाही

तिसऱ्या प्रयत्नात काम झालं म्हटलं खरं, पण त्या रात्री ताई झोपली नाही. पैसे भरताना ओटीपी आलाच नाही. चाक फिरत राहिलं, पान अडकलं, आणि फोनवर पैसे गेल्याचा मेसेज. तिकिटाचा ईमेल नाही. घाबरून दोघांनी पुन्हा सगळं भरलं. या वेळी तिकीट आलं आणि त्याच रकमेचा दुसरा मेसेजही आला. "ओटीपी न मागता पैसे गेले म्हणजे कुणीतरी कार्ड फोडलं," असं ताईच्या मनाने घेतलं.

आपल्याला ओटीपीची इतकी सवय झाली आहे की तो आला नाही तर दार उघडं राहिल्यासारखं वाटतं. देशातल्या ऑनलाइन खरेदीला ही दुसरी खातरजमा रिझर्व्ह बँकेने 2009 पासून सक्तीची केली आहे. विक्रेता परदेशातला असेल तेव्हा ओटीपी मागायचा की नाही हे बरंचसं त्या विक्रेत्याच्या आणि त्याच्या बँकेच्या हातात होतं. युरोपातही अशा खातरजमेचा कायदा आहे, पण कार्ड युरोपबाहेरच्या बँकेचं असेल तर तिथला विक्रेता तिच्यावाचूनही रक्कम घेऊ शकतो. त्यामुळे एका साइटवर ओटीपी येतो, दुसरीवर नाही, आणि दोन्ही बरोबर असू शकतात.

दोन मेसेजांचं कोडं याहून सोपं होतं. कार्डावर पैसे जाण्याच्या दोन पायऱ्या असतात. आधी बँक तेवढी रक्कम बाजूला काढून ठेवते आणि मेसेज त्या क्षणाला येतो. मग विक्रेता ती मागतो, तेव्हा ती खरी वजा होते. पान अडकल्यामुळे पहिल्या वेळची रक्कम विक्रेत्याने कधी मागितलीच नाही. आठवड्याभरात ती आपोआप मोकळी झाली आणि स्टेटमेंटवर एकच नोंद आली. क्रेडिट कार्ड असल्यामुळे खिशातून काही गेलं नव्हतं, फक्त मर्यादेतला तेवढा भाग अडकला होता. हेच डेबिट कार्डावर झालं असतं तर पेन्शनच्या खात्यातली रक्कम तितके दिवस हाताला लागली नसती. परदेशी तिकिटासाठी क्रेडिट कार्ड पुढे करा असं मी सांगतो ते याच कारणाने.

इंटरलाकेन ओस्ट, संध्याकाळचे पावणेआठ

या प्रकरणाचं मूळ दुखणं इथे आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो.

युंगफ्राउयोखला जायचं तिकीट लोक शक्यतो आदल्या संध्याकाळी काढतात. 3,454 मीटरवरचं ते स्टेशन 1912 पासून आहे. वर ढग असतील तर एवढे पैसे खर्चून काही दिसत नाही, म्हणून वरच्या कॅमेऱ्याचं चित्र आणि हवामानाचा अंदाज पाहूनच ठरवायचं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळ स्वच्छ राहणार असं दिसल्यावर दोघं स्टेशनवर गेले. दोघांचं तिकीट 400 फ्रँकच्या वर. फ्रँक तेव्हा 90 रुपयांच्या वर होता, म्हणजे साधारण 37 ते 40 हजार रुपयांची गोष्ट. भावोजींनी कार्ड टेकवलं. मशीनने कार्ड आत घालायला सांगितलं. घातलं. पिन मागितला. पिन दाबला. नाकारलं. पुन्हा, आणि पुन्हा.

मुंबईत तेव्हा रात्रीचे सव्वाअकरा वाजले होते. व्हॉट्सॲपवर भावोजींचा मेसेज आला: "कार्ड बंद पडलं. दुपारी याच कार्डाने कॉफी घेतली, काल सुपरमार्केटमध्येही चाललं. आता नाही म्हणतंय. मागे रांग आहे."

मागे रांग आहे, हे तीन शब्द वाचून मला वाईट वाटलं. जन्मभर कुणाचं देणं न ठेवलेला माणूस परक्या गावात मशीनसमोर उभा आहे, मागे दहा माणसं ताटकळली आहेत, आणि आपल्याजवळ पैसे असून ते देता येत नाहीत. ही लाज स्टेटमेंटवर कुठे लिहिलेली नसते. मी त्यांना आधी रांगेतून बाहेर यायला सांगितलं, मग बँकेचे मेसेज पाठवायला. मेसेज एकही नव्हता. पॅरिसमध्ये तिकडचं सिम घेतल्यावर आपलं सिम काढून त्यांनी चष्म्याच्या डब्यात ठेवलं होतं.

हॉटेलवर जाऊन जुनं सिम परत घातलं, रोमिंग लागलं आणि अडकून पडलेले मेसेज एकामागोमाग आले. त्यातले तीन सारखेच होते: पिन चुकीचा.

मग सगळं जुळलं. कॉफी पाच-सहा फ्रँकची. एवढ्या रकमेला टॅप पुरतो, पिन लागत नाही. आपल्याकडे ही मर्यादा 1 जानेवारी 2021 पासून 5,000 रुपये आहे, स्वित्झर्लंडमध्ये 80 फ्रँक. सुपरमार्केटचं बिलही त्याच्या आत होतं. 400 फ्रँकला मात्र चिप आत आणि पिन हवाच. कार्ड पहिल्या दिवसापासून ठणठणीत होतं. पिन विचारण्याची वेळच त्या संध्याकाळी पहिल्यांदा आली.

आणि पिन आठवणार कसा? मुंबईत दूध, भाजी, रिक्षा, औषधं, सगळं यूपीआयवर. क्रेडिट कार्ड वापरायचं ते विजेच्या बिलाला नाहीतर ऑनलाइन, तिथे ओटीपी. नव्या कार्डाचा पिन भावोजींनी मार्चमध्ये ॲपवर तयार केला आणि नंतर एकदाही दाबला नाही. "पिन टाका" म्हटल्यावर हाताने जो आकडा दाबला तो यूपीआयचा होता. दिवसातून पाच वेळा दाबला जाणारा चार आकडी पिन तोच. अमेरिकन प्रवाशांना युरोपातल्या तिकीट मशीनवर वेगळी अडचण येत आली आहे. त्यांच्याकडची पुष्कळशी क्रेडिट कार्डं सहीवर चालत आली, त्यामुळे पिन मागणाऱ्या मशीनपुढे ती अडायची. आपल्याकडे चिप आणि पिन सक्तीचे झाले, म्हणजे अशा मशीनसाठी आपली कार्डं मुळात चांगली तयार आहेत. विसरलो आहोत ते आपण.

त्या रात्री नवा पिन करता येईना. तीन चुकांनंतर बँकेने त्या दिवसापुरता पिन अडवला होता. हेल्पलाइनचा 1800 चा नंबर परदेशातून लागत नाही. कार्डामागे बारीक अक्षरात 022 ने सुरू होणारा दुसरा नंबर असतो, तो लागला, पण त्यांनीही दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायला सांगितलं. मी इथून फोन करूनही उपयोग नव्हता, कारण बँक कार्डधारकाशीच बोलते आणि ते योग्यच आहे.

सकाळी तिकीट निघालं ते फॉरेक्स कार्डावर. त्याचा पिन ताईने केला होता आणि तिला तो पाठ होता. आदल्या संध्याकाळीच ते का नाही वापरलं, असं मी विचारलं. "क्रेडिट कार्डावर पॉइंट मिळतात, आणि युरो नेदरलँड्ससाठी ठेवले होते," भावोजी म्हणाले. त्या कार्डात फ्रँक नव्हतेच. एजंटला "युरोप" सांगितलं, त्याने युरो भरले. स्वित्झर्लंडला युरोप म्हणून गेलात तरी चलन फ्रँकच लागतं. युरोचे फ्रँक करताना कार्डाने वेगळं शुल्क कापलं. हवा मात्र स्वच्छ मिळाली. ताईच्या वहीत त्या दिवसाला अडीच पानं आहेत आणि तिकिटाचा उल्लेख एका ओळीचा.

दार एकाला उघडलं

नेदरलँड्समध्ये 2023 पासून देशभर गाडी, ट्राम, मेट्रो, बस सगळीकडे बँकेचं टॅप कार्ड लावून आत जाता येतं आणि उतरताना तेच कार्ड लावून बाहेर. तिकीट काढायचंच नाही, भाडं अंतराप्रमाणे नंतर कापलं जातं. भावोजींना ही व्यवस्था इतकी आवडली की दादरच्या पुलावर असं कधी होईल याचं स्वप्न ते अजून सांगतात.

पण एका कार्डावर एकच माणूस जातो. भावोजी आत गेले, त्यांनी कार्ड मागे ताईच्या हातात दिलं, तिने लावलं, आणि मशीनने ते "बाहेर पडले" असं धरलं. मग ताईने स्वतःचं ॲड-ऑन कार्ड लावलं तर लाल दिवा. तिच्या कार्डाचा परदेशी टॅपचा स्विच बंद होता. खातं एक असलं तरी कार्डाचा नंबर वेगळा, स्विच वेगळे, पिनही वेगळा. ॲड-ऑनचे स्विच भावोजींच्या ॲपमध्ये होते, त्यांनी पलीकडून उभ्या उभ्या चालू केले आणि दोन मिनिटांत दार उघडलं. मी सांगायला विसरलो नसतो तर ही दोन मिनिटंही लागली नसती.

पैशांचा मेसेज लगेच येत नाही, दिवसभराचे प्रवास एकत्र करून मागाहून येतो. ताईला रात्री अंथरुणात तो मेसेज आला आणि ती पुन्हा दचकली.

स्टेटमेंट

परतल्यावर हिशेब केला. क्रेडिट कार्डावरच्या प्रत्येक परदेशी खर्चावर बँकेने 3.5 टक्के मार्कअप, म्हणजे परदेशी चलनातल्या खर्चावरचं शुल्क, आणि त्या मार्कअपवर 18 टक्के जीएसटी घेतला होता, म्हणजे 4.13 टक्के. 9,000 रुपयांच्या खर्चाला 372 रुपये. बऱ्याच साध्या कार्डांचा दर असाच असतो. काही कार्डं दोन टक्के घेतात, मोजकी काहीच घेत नाहीत. दोन आठवड्यांच्या रेल्वे प्रवासासाठी हा दर पाहून कार्ड निवडणं पॉइंट मोजण्यापेक्षा जास्त पैसे वाचवतं, असं माझं ठाम मत आहे.

एक नोंद थेट रुपयांत होती. एका स्टेशनवर 64 युरोचं तिकीट काढताना मशीनने युरो की रुपये असं विचारलं आणि भावोजींनी ओळखीचं म्हणून रुपये दाबलं. मशीनचा भाव 6,060 रुपये. बँकेच्या त्या दिवसाच्या दराने मूळ रक्कम 5,760 होत होती. शिवाय परदेशी विक्रेत्याने रुपयांत आकारणी केली म्हणून बँकेने एक टक्का आणि त्यावर जीएसटी वेगळा लावला. एकूण 6,131. युरो दाबलं असतं तर मार्कअपसकट 5,998. फरक 130 रुपयांच्या आसपासचा, पण हे बटण दिवसातून चार वेळा समोर येतं. विचारलं की त्या देशाचं चलनच दाबायचं.

शेजारच्या एका काकांनी भावोजींना सांगितलं होतं की परदेशात क्रेडिट कार्ड वापरलं की सरकार 20 टक्के टीसीएस, म्हणजे खर्चाच्या वेळीच आगाऊ घेतला जाणारा कर, कापतं. ते झालं नाही. 2023 मध्ये तसा नियम येणार होता, पण त्याच वर्षी जूनच्या शेवटी तो लांबणीवर टाकला गेला. परदेशात असताना क्रेडिट कार्डावर केलेला खर्च त्या हिशेबात धरला जात नव्हता. फॉरेक्स कार्डात भरलेली रक्कम धरली जाते, पण 2024 मध्ये वर्षाला 7 लाखांपर्यंत अशा दौऱ्याच्या खर्चावर टीसीएस नव्हता आणि भावोजींची रक्कम त्याच्या कितीतरी खाली होती.

आता दोघांच्या डोक्यात लंडन आहे. तिथे ट्यूबमध्ये 2014 पासून बँकेच्या कार्डाने टॅप करून जाता येतं आणि तिथेही माणशी एक कार्ड लागतं. ताईने हे विचारायच्या आधीच मला सांगितलं. तिने ॲड-ऑनचा पिन बदलून घेतला आहे. भावोजी दर महिन्याची औषधं हल्ली क्रेडिट कार्डाने घेतात, टॅप न करता, चिप आत घालून. मेडिकलवाला दर वेळी क्यूआर पुढे सरकवत विचारतो, "काका, स्कॅन नाही करणार?" मग तोच मशीन हातात घेतो आणि भावोजींचे चार आकडे दाबून होईपर्यंत दुसरीकडे पाहत उभा राहतो.